पंचकाकांचं देणं

जुईनगरात राहायला आलो तेव्हा मला इथली एकच बाजू ठाऊक होती: रेल्वे स्टेशन, सिडकोच्या इमारती आणि वडिलांची नोकरी. पामबीच रस्त्यापलीकडची तिवरं, खाडी आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेली माणसं मला पंचकाकांनी दाखवली. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचं माझ्यावरचं ऋण फिटणारं नाही, पण ते कशाचं, हे लिहून ठेवणं मला भाग आहे.

काका सारसोळ्याचे कोळी. तरुणपणी कबड्डी गाजवली, गुडघा गेल्यावर पंच परीक्षा दिली आणि ठाणे-रायगडातल्या गावोगावच्या स्पर्धांत शिट्टी वाजवली. ते झेपेनासं झालं तेव्हा मुंबईहून गळ टाकायला येणाऱ्या हौशी मंडळींना होडीतून खाडी दाखवू लागले. गावासाठी मात्र ते पंचच राहिले.

मी शाळकरी पोर, मैदानाच्या कडेला गुणफलक सांभाळायचो. चढाई सुरू झाली की सगळ्यांची नजर चढाईपटूच्या हाताकडे, काकांची त्याच्या पायांकडे. समोर किमान 6 बचावपटू असताना, बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकलेला आणि मागचा अधांतरी, तरच बोनस मिळतो. "तोंड बगशील तर फसशील, पाय बग," एवढंच ते सांगत. एकदा अंतिम सामन्यात त्यांनी स्वतःच्याच गावाच्या पोराचा बोनस नाकारला आणि गाव हरलं. रात्री पोरं दारात जमली. काका एक शब्द न बोलता बॅटरी घेऊन त्यांना मैदानात घेऊन गेले आणि मातीतला मागच्या टाचेचा ठसा दाखवला. वाद तिथेच मिटला.

खाडीतही त्यांची रीत हीच. आधी जमीन वाचायची, मग बोलायचं. ओहोटीच्या चिखलात निवट्यांची बिळं कोणती आणि चिंबोरीचं बीळ कोणतं, हे त्यांनी मला बोट धरून दाखवलं. पंचांगाची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ साधारण हाती येते. अष्टमीला सहाच्या सुमारास. खाडीत आत यायला पाणी आणखी वेळ घेतं, तो काका अंदाजाने मिळवत. पाणी उतरू लागलं की तिवरांतून निघणाऱ्या ओहळाच्या तोंडाशी जिताडा दबा धरून बसतो. तिथे जिवंत कोळंबी शेपटीकडून गळाला लावायची, म्हणजे ती मरत नाही, पोहत राहते. पाहुणे अधीर झाले तरी काका जागा बदलत नसत.

मोठा झाल्यावर मला कळलं, आमची इमारत उभी आहे ती जमीनही काकांसारख्याच कुणाची तरी. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून आली. वडिलांनी एकदा संकोचून विचारलं, "आमचा राग नाही येत तुम्हाला?" काका जाळं विणता विणता म्हणाले, "घर शोदत आयलेल्याशी कसलं भांडन? भांडन भाव ठरवनाऱ्याशी."

हा त्यांनी दिलेला सगळ्यात अवघड निकाल मी मानतो. नुकसान सोसलेल्या माणसाने दोष नेमका कुठे आहे ते पाहिलं, आणि आमच्यासारख्या उपऱ्यांना आपल्या होडीत जागा दिली. या शहरात मी भाडेकरू म्हणून आलो. इथला झालो तो त्यांच्यामुळे.

पुढे मीही पंच परीक्षा दिली. सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत सारसोळे जेट्टीवर नेतो. तिथे गळ हातात देण्याआधी मी त्यांना सांगतो, आपण राहतो ती जमीन कुणाची होती आणि ही खाडी आजही कुणाचं पोट भरते. काकांचं देणं मी असं थोडं थोडं फेडतो, आणि ही मुलंही ते पुढे फेडतील याची मला खात्री आहे.