शरणपूरची आफ्रिकन मुले

जुन्नरच्या माणसाला ‘हबशी’ हा शब्द नवा नाही. गावाजवळच्या हापूसबागेचे मूळ नाव ‘हबशी बाग’ होते, असे सांगतात. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि काही काळ त्याने जुन्नरलाच राजधानी ठेवली. हा भाग शिकवताना माझा ऊर भरून येतो. पण आफ्रिकेतून विकल्या गेलेल्या आणखी काही मुलांची कहाणी नाशिक जिल्ह्यात घडली, हे मला फार उशिरा कळले.

मुलीची परीक्षा नाशिकला होती. फजर पढून आम्ही मायलेकी निघालो. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करीत नाशिक गाठले. ती पेपरला बसली आणि माझ्या हाती तीन तास आले. मी शरणपूर रोडवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चकडे गेले.

चर्च मिशनरी सोसायटीने 1832 मध्ये नाशिकला काम सुरू केले. 1854 च्या सुमारास पाद्री विल्यम प्राइस यांनी गावाबाहेर ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचे नाव शरणपूर. त्या काळी ब्रिटिश आरमार समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. सुटका झालेली मुले मुंबईला आणली जात. 1860 पासून त्यांतली अनेक शरणपूरला आली. तिथे ती अक्षरे शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. आई-बाप, गाव, भाषा सगळे हरवलेल्या या मुलांना प्रार्थनेची ही जमातच घर झाली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये प्रवासी लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा दफनाची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. सोबत्यांनी तो मृतदेह महिनोन्महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. जेकब पुढे लंडनपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधल्या दफनविधीत त्याने खांदा दिला. 1875 मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसले, तेव्हा शरणपूरचे बरेच आफ्रिकन तिकडे परतले. ती जमात इथून उठली. आज इथले चर्च उत्तर भारत चर्चमध्ये आहे आणि रस्त्यावर रिक्षांची गर्दी आहे.

परतीच्या बसमध्ये मी हे सगळे सांगितले. मुलीने विचारले, “अम्मी, त्या मुलांना विकत कोण होते?”

क्षणभर जीभ अडखळली. मग खरे तेच सांगितले. विकणाऱ्यांत युरोपीय होते, आफ्रिकेतले सरदार होते आणि आपल्यासारखाच कलमा पढणारे अरब व्यापारीही होते.

ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मग हजरत बिलाल (रजि.) त्यांना आठवले नसतील?”

सूरह बलदमध्ये गुलामाची मान मोकळी करण्याला अवघड चढण म्हटले आहे. ती चढण आपल्यातल्या कित्येकांनी टाळली आणि कुठे कुठे दुसऱ्यांनी चढून दाखवली. हे कबूल केल्याने आपला दीन लहान होत नाही, आपली मान मात्र थोडी झुकते, आणि ती झुकलेलीच बरी.

आता वर्गात मलिक अंबर शिकवला की मी शरणपूरही सांगते. मुलीचा प्रश्नही सांगते.