तीन गाणी, एक शनिवार

ऑनसाइट आलेल्या माणसाचा शनिवार कसा जातो, ते तुम्हाला सांगायला नको. कपडे धुवायचे, आठवड्याची भाजी आणायची, घरी व्हिडिओ कॉल करून ‘हो गं आई, जेवलो’ म्हणायचं. संपला वीकएण्ड! २०२३ मध्ये मी जर्सी सिटीत असे पाच शनिवार ढकलले. सहाव्या शनिवारी लॅपटॉपच्या बॅगेत एक जुना पेन ड्राइव्ह सापडला. आत तीनच गाणी. एक फोक, एक रॉक, एक हिप-हॉप. पुण्याच्या हॉस्टेलमधल्या रूममेटने भरून दिलेली. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या... सबमिशनच्या रात्री अशाच काढल्या होत्या आम्ही.

त्याच्याशी बोलून दोन वर्षं झाली होती. चांगली नोकरी सोडून तो साउंड रेकॉर्डिंगमध्ये शिरला, तेव्हा सगळ्या ग्रुपसमोर मी म्हणालो होतो, ‘गाण्यांवर घराचे हप्ते फिटत नाहीत रे.’ तो नुसता हसला. त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा.

तिन्ही गाण्यांची मुळं नदीपलीकडे, न्यूयॉर्कमध्ये. भाजी राहू दे म्हटलं आणि निघालो.

पाथ ट्रेनने ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरलं, की ग्रिनिच व्हिलेज. तिथली जोन्स स्ट्रीट म्हणजे जेमतेम एक गल्ली. पण १९६३ च्या फेब्रुवारीत याच गल्लीत बर्फातून चालणाऱ्या बॉब डिलन आणि सूझी रोटोलोचा फोटो निघाला आणि ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’च्या कव्हरवर गेला. त्यातलं पहिलंच गाणं ‘ब्लोइन इन द विंड’. मला ते आवडतं, कारण ते प्रश्न विचारतं आणि उत्तराची घाई करत नाही. आमच्याकडे प्रश्न यायच्या आधी एस्टिमेट द्यावं लागतं! गंमत म्हणजे त्याची चाल गुलामगिरीच्या काळातल्या ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गाण्यावरून आलेली. डिलनने स्वतःच ते सांगितलंय. आपली भजनी मंडळं सिनेमाची चाल उचलतात ना, तसंच.

जोन्स स्ट्रीटवरून ब्लीकर स्ट्रीटला लागायचं आणि पूर्वेकडे सरळ चालत सुटायचं. रस्ता संपतो तिथे, बावरीवर, ‘सीबीजीबी’ होतं. हिली क्रिस्टलने १९७३ साली हा क्लब काढला तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूजसाठी. नावातली अक्षरं त्यांचीच. वाजलं मात्र पंक रॉक! १९७४ मध्ये रामोन्स इथे पहिल्यांदा वाजवून गेले. २००६ मध्ये क्लब बंद झाला, पुढे तिथे फॅशनेबल कपड्यांचं दुकान आलं. जवळच्या कोपऱ्यावर जोई रामोनच्या नावाची पाटी तेवढी दिसते. त्यांचं १९७६ चं ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ दोन मिनिटांच्या आसपास संपतं. मोजके कॉर्ड्स, फुल स्पीड. रूममेटने आठवड्यात ते गिटारवर बसवलं होतं. मला अजूनही सोमवारच्या स्टेटस कॉलआधी तेच लागतं. सुरुवातीच्या घोषणेची आयडिया त्यांना बे सिटी रोलर्सच्या ‘सॅटर्डे नाइट’वरून सुचली. पुन्हा तेच! दुसऱ्याचं घ्यायचं आणि आपलं करून टाकायचं.

मग युनियन स्क्वेअरहून ४ नंबरची ट्रेन. यांकी स्टेडियमजवळ ती बोगद्यातून बाहेर येते आणि एकदम ब्रॉन्क्स दिसतं. १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू. हायवेच्या कडेला एक साधी उंच बिल्डिंग. ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला इथल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड्स लावायला भाऊ होताच. क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. वय १८! गाण्यातला फक्त तालाचा तुकडा आला की पोरं बेभान नाचतात, हे त्याने हेरलं होतं. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावत तो तुकडा तो लांबवत न्यायचा. हिप-हॉपचा जन्म इथला मानतात तो यामुळे.

मी तिथेच कठड्यावर बसून तिसरं गाणं लावलं. ब्रॉन्क्सच्याच ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं १९८२ चं ‘द मेसेज’. कॉलेजात मी त्याचा फक्त ठेका ऐकायचो. आज शब्द पोचले. पडकी वस्ती, थकलेला माणूस आणि तुटायला आलेला संयम. हायवेने कापलेल्या, सत्तरच्या दशकात आगींनी पोळलेल्या ब्रॉन्क्समधून आलेलं हे गाणं. बहिणीच्या कपड्यांसाठी रेकॉर्ड्स लावणाऱ्या त्या पोराला तेव्हा कुणी माझ्यासारखा शहाणा हप्त्यांबद्दल विचारायला भेटला नाही, हे बरंच झालं.

पुण्यात रात्रीचा दीड वाजला असणार. तरी फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

‘काय रे, कोण गेलं?’

‘कुणी नाही. सेजविक अ‍ॅव्हेन्यूवर बसलोय. तुझा पेन ड्राइव्ह सापडला.’

तिकडे शांतता. म्हटलं, ‘ते हप्त्यांचं बोललो होतो ना... चुकलंच माझं.’

‘ते नंतर,’ तो म्हणाला. ‘आधी फोन बाहेर धर. तिथला आवाज ऐकू दे.’

मी हात लांब केला. हायवेवरचे ट्रक, कुणाच्या तरी खिडकीतला रेडिओ, खाली खेळणारी पोरं. दोन मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता तेच ऐकत राहिलो.