मसाल्याची जाहिरात आणि माझी लपवाछपवी



गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास सूनबाईनं मसाल्याचा उद्योग सुरू केला. उद्योग म्हणजे काय, तर चैत्र-वैशाखात आपण वर्षाचा मसाला करतोच, तो वीस किलो जास्त केला. ब्याडगी, संकेश्वरी आणि थोडी लवंगी. कांदा नाही, लसूण नाही. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात मसाला म्हटलं की कांदा-लसूण धरलेलाच असतो, त्यामुळे ज्यांना तो चालत नाही त्यांची बाजारात पंचाईत होते, हे तिनं बरोबर हेरलं होतं. अन्न सुरक्षेची नोंदणी केली, तो चौदा आकडी नंबर पाकिटावर छापला आणि मुलानं दोन-तीन रविवार खपून वेबसाइट बनवली.

वेबसाइट दिसायला सुरेख. वर मिरच्यांचा फोटो, खाली आमचं स्वयंपाकघर. पहिल्या महिन्यात तिथून एक ऑर्डर आली, ती माझ्या नणंदेची.

रस्त्यावर दुकान काढलं तर निदान येणारा-जाणारा बघतो तरी. वेबसाइट म्हणजे कुलूपबंद वाड्याच्या आतल्या खोलीत मांडलेलं दुकान, कुणी बोट धरून आणल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही. म्हणून मग गूगलवर जाहिरात द्यायची ठरली.

मी बी. कॉम. आहे. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण घरची आणि महिला मंडळाची कीर्द-खतावणी आजही माझ्याकडेच आहे. त्यामुळे जाहिरातीचा हिशेब बघायला सूनबाईनं मला शेजारी बसवलं, आणि मला त्यात रस वाटायला लागला. ही जाहिरात दिसण्याचे पैसे पडत नाहीत, त्यावर कुणी बोट टेकवलं की पडतात. जागा लिलावानं मिळते. आमच्या सांगलीला हळदीचे सौदे बघितलेत, तिथं जो जास्त बोलतो त्याला माल. इथं तसं नाही. तुम्ही किती बोलता ते बघतातच, पण जाहिरात शोधणाऱ्याच्या कामाची आहे का आणि तिथून उघडणारं पान बरं आहे का, यालाही गुण असतात. चांगल्या पानाला कमी बोलीतही वरची जागा मिळू शकते. मला ही पद्धत आवडली.

६,००० रुपये भरले. त्यातले ९१५ जीएसटीत गेले, जाहिरातीला उरले ५,०८५. रोजची मर्यादा ३०० ठेवली. एका रविवारी बघते तर ५८० खर्च! मी घाबरून मुलाला उठवलं. मग कळलं की एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा एकूण आकडा मात्र मर्यादेत राहतो. हे लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

सतरा दिवसांत पैसे संपले. ४०७ जण येऊन गेले, ऑर्डरी सात, पाकिटं अकरा. पाव किलोच्या पाकिटामागे आमच्या हाती ७० रुपये राहतात. म्हणजे ७७० आले आणि ६,००० गेले.

मग मी म्हटलं, आलेली माणसं कोण होती ते बघू. लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले आणि आपली जाहिरात दिसली, याची यादी मिळते. ती यादी उघडली आणि आम्ही दोघी हसत सुटलो. सगळ्यात वरचे शब्द होते, ‘कांदा लसूण मसाला’! आम्ही ‘कोल्हापुरी मसाला’ असे शब्द दिले होते, अवतरणचिन्हात न घालता. तसे दिले की यंत्र त्यांचा अर्थ ऐसपैस लावतं. त्याच्या मते कोल्हापुरी मसाला म्हणजे कांदा-लसूण मसाला, आणि त्याचं चुकलं कुठं? आमच्या गल्लीतही कुणी तेच सांगेल. त्याखाली ‘जैन पावभाजी कशी करायची’ विचारणाऱ्या. त्यांना कृती हवी होती, मसाला नाही. एक-दोन जण तर जैन मंदिराच्या वेळा शोधत आले होते. या सगळ्यांच्या बोटाला सरासरी साडेबारा रुपये आम्ही मोजले.

आता कुणाला जाहिरात दाखवायची नाही, तेही शब्द देता येतात. माझं पहिलं डोकं, ‘कांदा’ शब्दच बंद करून टाकू. सूनबाई म्हणाली, आई, मग ‘कांदा लसूण नसलेला मसाला’ शोधणारीलाही आपण दिसणार नाही, आणि आपल्याला तर तीच हवी आहे. ‘कांदा लसूण मसाला’ हे तीन शब्द अवतरणात घालून बंद केले, तरी ‘विना कांदा लसूण मसाला’ लिहिणारी बाहेर राहते, कारण तिच्या वाक्यात ते तीन शब्द त्याच क्रमानं येतात. शेवटी चौकटी कंसात घालून तेवढंच वाक्य, पुढे-मागे काहीही नसलेलं, बंद केलं. बरं, लोक रोमन लिपीतही लिहितात. म्हणून तेही वेगळं. एका दुपारभर आमचं हेच चाललं होतं. शिजवण्यापेक्षा निवडण्यालाच वेळ जास्त, डाळ-तांदळाचं तरी दुसरं काय असतं म्हणा.

दुसरी चूक ठिकाणाची. आम्ही महाराष्ट्र निवडला होता, तरी अहमदाबाद-बंगळूरचे लोक येत होते. तो आपसूक निवडलेला पर्याय ‘त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ असा असतो. आमची जीएसटी नोंदणी नाही, आणि ती नसताना दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. म्हणजे त्यांच्या ऑर्डरी आम्हाला घेताच आल्या नसत्या. ‘फक्त तिथं असलेले’ हा पर्याय खाली होता. तो निवडला.

इथवर सगळं पैशाचं झालं. आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, असा चार दिवस विचार केला.

सात ऑर्डरींचा हिशेब झाला त्याच आठवड्यात एका जाहिरातवाल्या मुलाचा सूनबाईला फोन आला. तो म्हणे, जाहिरातीनं काय होतंय, तुमच्या पानावर एकही अभिप्राय नाही. मी पन्नास लोकांचे पाच तारे देतो, इतके इतके रुपये. तिनं मला विचारलं. मी ताडकन म्हटलं, आपल्या घरात खोटं चालणार नाही. सत्य-अणुव्रतावर दहा मिनिटं बोललेही असेन. वर हेही सांगितलं की २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचं मानकच काढलंय, लिहिणारा खरा असावा म्हणून. पेपरात वाचलेलं माझ्या लक्षात राहतं. ती बिचारी ‘नको’ सांगून मोकळी झाली.

आणि तिसऱ्या दिवशी मी काय केलं? आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजीच्या तीनशेवर बायका आहेत. तिथं मी लिहिलं, ‘एका ठिकाणाहून कांदा-लसूण नसलेला मसाला मागवला. फारच छान निघाला. कुणाला हवा असेल तर लिंक देते.’

एका ठिकाणाहून! ते ठिकाण म्हणजे माझ्या पाठीमागची फडताळ.

दोन मैत्रिणींना आधीच फोन करून ठेवला होता. दोघींनी खाली लिहिलं, ‘आम्हीही मागवला, अप्रतिम.’ त्यातल्या एकीनं आमच्याकडे जेवताना खाल्ला तरी होता. दुसरीनं पाकीटसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

अर्ध्या तासानं जयसिंगपूरच्या एका ज्येष्ठ काकींचा संदेश आला. ‘लिंक उघडली. खाली पत्ता तर तुमच्याच घरचा दिसतोय. सुनेचा उद्योग आहे का? मग तसं सांगा की. आम्ही काय घेणार नाही का?’

त्यांनी चिडून लिहिलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मंडळाच्या हिशेबात अकरा वर्षांत माझ्या हातून एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. त्याच बायकांसमोर मी सुनेचं नाव लपवलं, तेही जे लपवायचं काहीच कारण नव्हतं. संध्याकाळी ताटावर बसले पण घास जाईना. सूनबाईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. आमटी वाढता वाढता एवढंच म्हणाली, ‘पन्नास नाही, तीनच होते, आई.’

रात्री मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला आणि सकाळी ग्रुपवर लिहिलं. मसाला माझ्या सुनेचा आहे, पैसे आमच्या घरी येणार आहेत, खालचे दोन अभिप्राय मी मागून घेतले होते, माझं चुकलं. लिहायला पाऊण तास लागला, पाच ओळींना. नंतर समजलं की घरच्या नात्यातल्या माणसाच्या वस्तूची समाजमाध्यमावर शिफारस करताना ते नातं उघड करावं, असं ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही आहे. ते नामवंतांसाठी आणि इन्फ्लुएन्सरांसाठी आहे. मी कसली इन्फ्लुएन्सर, तीनशे बायकांपुरती!

मला वाटलं होतं, आता तिथं मसाल्याचं नाव निघणार नाही. पण बायकांनी प्रश्नच विचारायला सुरुवात केली. एकीनं विचारलं, खसखस आहे का? आम्ही बहुबीज वर्ज्य करतो. होती. आणि वेबसाइटवर आम्ही घटकांची यादीच दिली नव्हती! ‘शुद्ध जैन मसाला’ असं मोठ्या अक्षरांत लिहून मोकळे. दुसरीनं विचारलं, कांडून किती दिवस झाले? त्या मर्यादा पाळणाऱ्या, दळलेल्या जिनसाला पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात. शोधाचं जेवण करणाऱ्यांना पाकिटातला कुठलाच मसाला चालणार नाही, आमचाही नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं का? माझ्या सासूबाईंनी जन्मभर पाळलं. फक्त विकायला बसल्यावर आठवलं नाही.

आठ दिवसांत पान बदललं. ‘शुद्ध जैन’ काढलं आणि ‘कांदा-लसूण नसलेला’ एवढंच ठेवलं, कारण तेवढीच हमी आम्ही देऊ शकतो. घटकांची पूर्ण यादी दिली, खसखशीसकट. कांडपाची तारीख, पाव किलोचा भाव आणि पोस्टाचा खर्च वरच लिहिला, पूर्वी तो शेवटच्या पायरीला कळायचा. ‘शोधाच्या स्वयंपाकासाठी नाही’ ही ओळ घालायला मुलगा तयार नव्हता, म्हणाला, गिऱ्हाईक कशाला घालवायचं? ती ओळ सूनबाईनं घालायला लावली.

मग पुन्हा ३,००० रुपयांची जाहिरात दिली. यावेळी ऑर्डरी तेरा, पाकिटं चोवीस, म्हणजे १,६८० रुपये. पुढच्या दोन महिन्यांत त्यांतल्याच काहींनी आणखी चौदा पाकिटं मागवली, ते ९८०. जमा २,६६०. अजून ३४० चा खड्डा आहे आणि तो मी वहीत लाल शाईनं ठेवलाय. त्याच काळात ग्रुपमधून ऑर्डरी आल्या एकतीस, खर्च शून्य. हे शून्य मात्र खरं नाही. प्रश्नांना उत्तरं देण्यात माझ्या दुपारी गेल्यात, त्याची नोंद कुठल्या खात्यावर करायची ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

हे आकडे मिळतात कसे, तर ऑर्डर आली की सूनबाई विचारते, कुठून कळलं? वहीत त्याचा रकाना आहे. तुमच्यापैकी कुणाची लेक-सून असं काही करत असेल, तर एवढा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि पहिली रक्कम हजाराचीच भरा. यादी बघून शब्द निवडायला तेवढ्यातही भरपूर सापडतं.

मागून घेतलेले ते दोन अभिप्राय मैत्रिणींनी आपणहून काढून टाकले. जिनं मसाला पाहिलाही नव्हता, तिनं नंतर पाकीट विकत घेतलं आणि जरा तिखट वाटला म्हणून सांगितलं. तेही पानावर आहे.

जयसिंगपूरच्या काकींनी अजून काही घेतलेलं नाही. त्यांना खसखस चालत नाही. यंदा चैत्रात दोन घाणे वेगळे करायचे ठरलंय, पहिला पाच किलोचा, बिनखसखशीचा. मिरचीचे भाव मात्र आत्तापासूनच चढलेत.