शर्यतीनंतरचं पळणं

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते आणि सोमवारपासून एकच प्रश्न कानावर पडू लागतो: आता पुढे काय? विचारणाऱ्याला उत्तर आकड्यात हवं असतं. साडेचार तासांवरून चार, चारवरून पावणेचार. त्या आठवड्यात मी कुणालाच उत्तर देत नाही.

42 किलोमीटर आणि वर 195 मीटर पळून आलेलं शरीर सगळीकडून सारखं सावरत नाही. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा नीट जेवलं की दोन-तीन दिवसांत भरून येतो. दमसासही लवकर परततो. मांड्या-पोटऱ्यांच्या तंतूंना झालेली बारीक इजा मात्र भरायला आठवडे घेते. म्हणून थोड्याच दिवसांत श्वास म्हणतो चल, आणि पोटरी म्हणते थांब. अशा वेळी पोटरीचं ऐकावं.

न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टरचा नियम धावणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे: शर्यत जितके मैल, तितके दिवस जोर लावायचा नाही. मॅरेथॉनसाठी ते सव्वीस दिवस होतात. हा हिशेब प्रयोगशाळेतला नव्हे, तरी मी तो मानतो. कारण सांगणारा माणूस बत्तिशीत पळायला लागला आणि 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, 2 तास 11 मिनिटं 18 सेकंदांत मॅरेथॉनचं रौप्यपदक जिंकला. पाय जपायचे कसे, हे त्याला कळत होतं.

आणि खरं सांगायचं तर मला हे दिवस शर्यतीपेक्षाही आवडतात. घड्याळ घरी असतं. फेब्रुवारीतली पहाट अजून अंगाला गार लागते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी, वाटलं तर दुसरी, नाहीतर दादरच्या फुलबाजाराकडे वळायचं. तिथे झेंडूच्या राशी ओतल्या जात असतात, पाट्या उचलणारे ओरडत वाट काढतात, शेवंतीचा ओला वास येतो आणि आपोआप पावलं मंदावतात. तयारीच्या महिन्यांत याच रस्त्याने मी कितीदा गेलो असेन, पण तेव्हा नजर पेसवर. आता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतं. पळणं आपल्याला मुळात का आवडलं होतं, ते या आठवड्यांत आठवतं. आणि पुढचं ध्येय त्या आठवणीतून निघालं, तरच ते टिकतं असं माझं मत आहे.

ध्येय म्हणजे त्याच अंतराची कमी वेळ, असं कुणी ठरवून दिलंय? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर घ्या. 2012, 2013, 2014 अशी सलग तीन वर्षं ती मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. त्यानंतर ती वळली ती 3000 मीटर स्टीपलचेसकडे. 28 अडथळे, त्याखेरीज सात वेळा पाण्यावरची उडी. लांब पल्ल्याच्या पायांना हे सगळं नवं शिकवायचं. 2014 च्याच इंचॉन आशियाई स्पर्धेत तिला कांस्य मिळालं, आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला. तिथे ती दहावी आली. मला हा दहावा क्रमांक फार मोठा वाटतो.

यंदा मी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धरली आहे. सप्टेंबरात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच वाटेने उतरायचं. अंतर मॅरेथॉनच्या निम्मं, पण उतारावर प्रत्येक पावलाला मांडी ताणली जात ब्रेक लावते, आणि ते दुखणं सपाटीच्या पळण्याने अंगवळणी पडत नाही. त्यासाठी एप्रिल-मेच्या घामात थोडंच पळायचं, जून लागला की येऊरचा चढ आणि बोरिवलीच्या उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. पावसात भिजत, हिरव्या झाडीतून. वेळ किती लागेल, याचा अंदाज मी केलेला नाही. पावसाळ्यातल्या त्या सकाळींसाठीच मी ही शर्यत निवडली.

शर्यत एका सकाळीत संपते, तयारीला चार-पाच महिने जातात. तुम्हीही पुढची नोंदणी करण्याआधी त्या महिन्यांकडे एकदा बघा: रस्ता कोणता, ऋतू कोणता, सोबत कोण.