वरातीमागून आलेलं घोडं

कपाटाच्या खालच्या खणात, जुने पासपोर्ट आणि किल्ली हरवलेली कुलपं यांच्या संगतीत, माझा झून एचडी पडून आहे. वजन 74 ग्रॅम. घरातला सुपारीचा अडकित्ता याहून कितीतरी जड.

मायक्रोसॉफ्टनं हा गाणी ऐकायचा खिशातला प्लेअर 15 सप्टेंबर 2009 ला बाजारात आणला, तोही फक्त अमेरिकेत. आयपॉड टच येऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती, आणि गाणी ऐकायला वेगळं यंत्र कशाला, फोन आहे की, असं लोक म्हणू लागले होते. वरातीमागून घोडं, दुसरं काय! मी तेव्हा रेडमंडला राहत होते. कंपनीचं मुख्यालय त्याच गावात, पण बसमध्ये बघावं तर बहुतेकांच्या कानांत ॲपलच्या पांढऱ्या वायरी. मी मात्र हट्टानं झून घेतला. 32 जीबीचा, 290 डॉलरला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते पगाराच्या दिवशी पटतं.

पडदा 3.3 इंचांचा, ओएलईडीचा. या पडद्यावर काळा रंग दाखवायचा म्हणजे तिथले ठिपके चक्क विझतात, त्यामुळे काळं म्हणजे अगदी अमावास्येचं काळं. डिसेंबरात सकाळी सातला बाहेरही तसाच अंधार. 545 नंबरची बस लेक वॉशिंग्टनवरच्या तरंगत्या पुलावर चढायची. हा 1963 सालचा पूल काँक्रीटच्या पोकळ तराफ्यांवर पाण्यात तरंगत उभा होता. वारा सुटला की एका खिडकीतून तळं खवळलेलं दिसायचं आणि समोरच्या खिडकीतून शांत, जणू दोन वेगळी तळी. मांडीवर तो काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं.

अक्षरांसाठीच मी त्याच्यावर जीव टाकला. बाकीच्या यंत्रांत चित्रांचे चौकोन रांगेत बसलेले असत. इथं नुसते शब्द. संगीत, चित्रं, रेडिओ. तेही इतके मोठे, की कडेला अर्धे कापले जायचे आणि बोटानं सरकवलं की उरलेले आत यायचे. आमच्या शाळेत अक्षर समासाबाहेर गेलं की हातावर पट्टी बसायची. इथं तर समास ओलांडण्यातच सगळी ऐट! यादीतले शब्द आकारानं मोठे, पण रोमनच्या लहान लिपीत, कॅपिटल अक्षराविना होते. माझ्या ते फार उशिरा ध्यानात आलं. आपल्या लिपीत लहान-मोठं नसतंच, मग नजरेला तशी सवय कुठून असणार?

पुण्याहून नेलेल्या सीडींवरची गाणी मी त्यात घातली आणि नावं रोमनमध्ये टंकली. पंडितजी लागले की ‘भीमसेन’ पडदाभर पसरायचं आणि ‘जोशी’ कडेबाहेर जायचं.

24 जानेवारी 2011 ला सकाळी पुण्यात भीमसेनजी गेले. रेडमंडला अजून 23 तारीख होती, रविवारची संध्याकाळ. आईचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी गायलेला नामदेवांचा अभंग लावला, राम फाटकांच्या चालीतला. पूल संपला, सिॲटल आलं, माझा थांबा मागे गेला. उतरले ती दोन थांबे पुढे, आणि पावसात चालत परत आले.

यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे: फॉर अवर प्रिन्सेस. आधीच्या झूनवर सिॲटलहून नमस्कार कळवणारी ओळ असे. ही ओळ झूनवर काम करणाऱ्या चमूतल्या, मरण पावलेल्या एका सहकाऱ्यासाठी आहे. विकल्या गेलेल्या प्रत्येक झून एचडीवर ती आहे. म्हणजे ज्यांना ठाऊकही नव्हतं, असे कितीतरी लोक कुणाची तरी आठवण खिशात घेऊन हिंडत होते. मीही त्यांतलीच.

ऑक्टोबर 2011 मध्ये झून बनवणं थांबल्याचं जाहीर झालं, 15 नोव्हेंबर 2015 ला त्याची गाण्यांची सेवाही मिटली. ती ऐटबाज अक्षरं मात्र आधीच विंडोज फोनमध्ये, मग विंडोज 8 मध्ये जाऊन राहिली होती. वाडा पाडावा आणि त्याची सागवानी दारं दुसऱ्याच्या बंगल्याला लागलेली दिसावीत, तसं. तो तरंगता पूलही 2016 मध्ये वाहतुकीतून गेला. शेजारी नवा झाला, तोही तरंगताच.

झूनची वायर मी घर हलवताना हरवली. त्याचं तोंडच वेगळं, दुसरी कुठलीही वायर लागत नाही. परवा पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या गाळ्यांत विचारत फिरले. एकानं झून हातात घेतला, उलटा केला, चष्मा वर सरकवून पाठीवरची ओळ वाचली.

“ताई, मुलीचा आहे का?”

नाही म्हटलं. वायर त्याच्याकडेही नव्हती.