वडगावच्या वाटेवरचा पैरा

कोल्हापूरहून पुण्याकडे निघाले की शिरोली, टोप मागे पडते आणि वाठारचा फाटा लागतो. तेथे उजव्या हाताला वळले की दुतर्फा उसाचे मळे पाहत आपण पेठ वडगावात पोचतो. हातकणंगले तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पेठ तर नावातच आहे. सेनापती धनाजी जाधव यांचा अंत १७०८ साली येथेच झाला. त्यांची समाधी पाहण्यासारखी आहे.

मात्र या मुलखाची खरी ओळख पटते ती अडीनडीला. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही नद्या फुगल्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक जवळजवळ आठवडाभर थांबली. ट्रकांच्या रांगा लागल्या. चालक कुठले कुठले, कुणाची भाषाही वेगळी. पण रस्त्याकाठच्या गावांनी त्यांना जेवू घातले. ज्यांचा स्वतःचा ऊस पाण्यात बुडाला होता, त्यांच्याही चुली परक्यासाठी पेटल्या. पुढे २०२१ साली पुन्हा महापूर आला, तेव्हाही माणसे अशीच धावली.

हे बळ आले कुठून? आपल्या जुन्या पैऱ्यातून! आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. कुठे त्याला सावड म्हणतात, तर नांगरटीला सगळे गाव बैल घेऊन येते तिथे इर्जिक. पैशाचा व्यवहार नाही, शब्दाचा आहे. ट्रॅक्टर आले, मजुरी रोखीची झाली आणि पैरा आटला. काम उरकते, पण बांधावर बसून एकत्र भाकरी खाणे राहून जाते. मग कर्जाने वा आजाराने खचलेला शेजारी कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

दुसऱ्यासाठी हात पुढे करणाऱ्याचेही भलेच होते. कॅनडातल्या संशोधकांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी काही जणांना थोडे पैसे दिले. निम्म्यांनी ते स्वतःवर खर्चायचे, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारेच अधिक समाधानी आढळले. रक्कम लहान की मोठी, याने फरक पडला नाही.

तेव्हा मंडळी, पुराची वाट कशाला पाहायची? लागणीला, भांगलणीला दोन-चार घरांनी मिळून पैरा धरावा. ज्याच्या घरी माणूसबळ नाही, त्याला आधी घ्यावे. पैरा फेडता फेडता माणसे जोडली जातात, आणि जोडलेली माणसेच पाणी चढू लागले की दारात उभी राहतात.