साक्षपत्र आणि चित्र

बीदरचा तांबडा जांभा दगड पाहिला की किनाऱ्याकडच्या माणसाला क्षणभर आपल्या गावी आल्याचा भास होतो. नारळ मात्र येथे बाजारातूनच आणावा लागतो. गेल्या श्रावणात देवळात रचलेली नारळांची रास पाहून मला एका जुन्या चित्राचे स्मरण झाले. ‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे मलबारची बाग, या ग्रंथातील पहिली वनस्पती नारळच आहे. प्रसादानंतर मंडळींनी चार शब्द बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी अभिमानाने सांगून टाकले की, हा ग्रंथ आपल्या माणसांनी केला. घरी आलो आणि आतला वकील मला झोपू देईना.

डचांनी १६६३ साली पोर्तुगीजांकडून कोची घेतली. पुढे तेथील डच अधिकारी हेंद्रिक व्हान ऱ्हेडे याच्या ध्यानात आले की, कंपनी जी औषधे मोठे मोल देऊन दुरून आणवते, त्यांतील कित्येकांची झाडे याच रानात उभी आहेत. त्याने जाणती माणसे रानात धाडली. ती उंच झाडांवर चढून पाने, फुले, फळे आणीत आणि जवळच बसवलेले तीनचार चित्रकार ती कोमेजण्यापूर्वी कागदावर उतरवीत. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टर्डाम येथे बारा खंड निघाले. सातशेंहून अधिक वनस्पती आणि आठशेंच्या जवळपास ताम्रपटचित्रे. शेवटचे खंड पाहणे व्हान ऱ्हेडेच्या नशिबी नव्हते. १६९१ साली सुरतेच्या वाटेवर जहाजातच त्याचा अंत झाला. त्याची कबर सुरतेस आहे.

आता आपली माणसे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीतील तीन कोकणी वैद्य. त्यांचे १६७५ सालचे साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. नागरीचे खिळे नव्हते म्हणून ते हस्ताक्षरच तांब्यावर कोरले गेले. ज्या समाजाला गोव्यातून देव उचलून परागंदा व्हावे लागले, त्याची अक्षरे परदेशी ग्रंथात अशी उमटलेली पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही?

परंतु त्याच खंडात दुसरेही साक्षपत्र आहे. ते इट्टी अच्युतन या एळवा वैद्याचे. घराण्यात चालत आलेली वनस्पतींची नावे आणि गुण आपण सांगितले, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे वाचताना त्या पानावर बोट फारसे थांबत नाही. तिकडचे लोक आपल्या तिघांना असेच वगळत असतील. शिवाय ही साक्षपत्रे ग्रंथकर्त्यानेच, युरोपात ग्रंथावर विश्वास बसावा म्हणून घेतलेली. पक्षकाराने आणलेला साक्षीदार खोटा असतो असे नाही, पण न्यायाधीश त्याचे बोलणे जरा सावधपणेच ऐकतो.

चित्रांचे तसे नाही. लिनियसने १७५३ साली अनेक मलबारी वनस्पतींची शास्त्रीय नावे या चित्रांच्या आधारे दिली. त्यांतील काहींचा वाळवलेला नमुना उपलब्ध नसल्याने, नावाविषयी वाद निघाला तर आजही चित्रच मूळ दस्तऐवज म्हणून पुढे येते. झाड मेले, वैद्य गेले, आणि कागदावरचे पान साक्ष देत राहिले. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी या ग्रंथामागे आयुष्य वेचले. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ पासून प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे हे बारा खंड लॅटिन न जाणणाऱ्यांना खुले झाले.

आणि झाडावर चढणारे? त्यांचे साक्षपत्र कोणी घेतले नाही.

पुढच्या एकादशीस मी माझे विधान जाहीरपणे दुरुस्त केले. एक वृद्ध गृहस्थ जरा खट्टू झाले. “वकीलसाहेब, म्हणजे आपल्या तिघांची नावे खोडलीत की काय?”

“नाही हो,” मी म्हणालो, “शेजारी चौथे लिहिले.”

त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, “मग त्या चित्रासाठी नारळ उतरवला कोणी?”